डिस्चार्ज बुकात नसलेला पूर्वी स्टार : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. मामंजी १९६६ साली फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १९८३ साली पेन्शनवर घरी आले. डिस्चार्ज बुकात (नोकरी संपल्यावर मिळतं ते सेवेच्या नोंदींचं पुस्तक) पदकांच्या रकान्यात चार नावं आहेत : सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षं सेवेचं मेडल. पूर्वी स्टार नाही. डिसेंबर १९७१ मध्ये मामंजी बांगलादेशाच्या हद्दीत गाडी हाकत होते हे अख्ख्या भावकीला पाठ आहे. फक्त कागदाला ठाऊक नाही.

घरच्यांचं म्हणणं, संग्राम मेडल आहे की, ते लढाईचंच. तसं नाही. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातल्या सर्वसाधारण सेवेचं ते मेडल. पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्या प्रत्येकाचं. ही दोन्ही एखाद्या डेपोत पाने-स्क्रू मोजत बसलेल्यालाही मिळाली. पूर्वी स्टारसाठी मात्र पूर्वेच्या रणक्षेत्रात असावं लागतं, तसा पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार. हा एक तारा नसला की कागदावर माणूस लढाईला गेलाच नाही.

भाऊजींचा पहिला प्रश्न, "पैसे किती वाढतील?" एक रुपयाही नाही. भत्ता शौर्यपदकांना असतो. "मग वीरचक्राचाच अर्ज करू की वहिनी, होऊन जाऊ दे." त्यांना समजावलं की वीरचक्र विशिष्ट पराक्रमासाठी, वरिष्ठांनी शिफारस केल्यावर मिळतं. ते मागायचं नसतं. स्टार तिथे हजर असल्याचा आहे आणि तो न मागता मिळायला हवा होता. भाऊजींचा उत्साह तिथेच संपला. बरं झालं, फाइल एकाच्याच हातात राहिलेली चांगली.

२ फेब्रुवारी २०२४

ट्रंक उपसली. हाती लागलं ते असं : डिस्चार्ज बुक (पानं सुटलेली, पण सगळी आहेत), पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, कॅन्टीनचं जुनं कार्ड, एक ग्रुप फोटो ज्यात मामंजी कुठले यावर घरात मतभेद आहेत, आणि एक इनलँड पत्र. पत्र मामंजींनी आत्याबाईंना लिहिलंय, डिसेंबर ७१ चं. मजकुरात विहिरीचं पाणी, बैलाचा खुरकूत आणि "माझी काळजी करू नये". लढाईचा एक शब्द नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ९९ एपीओ.

यांना वाटलं, सापडला पुरावा. मला तसं वाटत नाही. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे फौजी टपालाचे सामाईक पत्ते. पूर्वेकडच्या पलटणींची पत्रं ९९ वरून जायची. म्हणजे माणूस पूर्वेला होता एवढंच यातून कळतं. तो आसामात चहा पीत होता की सीमेपलीकडे गेला होता, हे पत्ता सांगत नाही, कारण पत्त्याचा हेतूच ते न सांगण्याचा आहे. पत्र फाइलीत लावते, पण अर्जाचा डोलारा त्यावर उभा करणार नाही.

पुतण्याने सुचवलं की पुण्यात लष्करी सामानाच्या दुकानात हवं ते मेडल रिबिनीसकट मिळतं, आणून कोटाला लावून टाकू. मिळतं हे खरं आहे. सरकारकडूनच पदकं वर्षानुवर्षं थकतात, म्हणून नोकरीतले जवानही तिथूनच घेतात. पण त्यांच्या कागदावर नोंद असते. आपल्याकडे नेमकी तीच नाही. मामंजींनी पुतण्याकडे नुसतं पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

११ फेब्रुवारी २०२४

मामंजींना जवळ घेऊन बसले. नकाशा पुढ्यात ठेवला, वही उघडली.

"पोरी, आता कशाला उकरतीस? ज्यांनी बघायचं ती माणसं गेली."

मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही फक्त रस्ता सांगा. बाकीचं मी बघते."

रस्ता विचारल्यावर मात्र ते खुलले. ड्रायव्हर माणूस, तारखा नाहीत पण वळण न् वळण आठवतं. मेघालयात तुरा. तिथून खाली सीमेवर. कमालपूर. मग बक्शीगंज, आणि मग नदी. गाडी शक्तिमान. केबिनच्या तळाला वाळूची पोती पसरलेली, सुरुंगाच्या भीतीने. पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच चाक न्यायचं, चाकोरी सोडली की वरून शिव्या. "जनरलसायबाचीच जीप उडाली तितं. मग आमाला कोन इचारतंय?"

ही जीपची गोष्ट ताडून पाहिली आणि जुळली. कमालपूरची चौकी बरेच दिवस वेढ्यात होती, ४ डिसेंबरला पडली. त्यानंतर त्याच वाटेवर मेजर जनरल गुरबक्षसिंग गिल यांची जीप सुरुंगावर जाऊन ते जखमी झाले आणि त्यांच्या जागी मेजर जनरल गंधर्व नागरा आले. १६ डिसेंबरला ढाक्याच्या वेशीवरून पाकिस्तानी सेनापती नियाझींना निरोप पाठवणारे हेच नागरा. मामंजींना दोघांचीही नावं आठवत नव्हती, जीप आठवत होती. पाठ करून सांगणाऱ्याला आधी नावं आठवली असती.

जमालपूरबद्दल ते जरा जास्त बोलले. ब्रिगेडचा दारूगोळा घेऊन रात्री थांबले होते, दिवे बंद. अंधारातून कुणीतरी मराठीत शिवी हासडली. मामंजींनी विचारलं, "कुठला रं?" उत्तर आलं, "कराडचा. तू?" ती १ मराठा, जंगी पलटण. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती आणि पाकिस्तानची ३१ बलुच पलटण तिथून फुटून निघायला बघत होती. या कराडच्या माणसाचं नाव मामंजींनी विचारलं नाही. मी विचारलं, का नाही विचारलं? म्हणाले, "बिडी मागितली त्यानं. माझ्याकडं नव्हती. मग काय बोलनार?"

गावात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत मामंजी टांगाईलला पॅराशूट उतरताना बघतात आणि ढाक्यात शरणागतीला हजर असतात. मी थेट विचारलं. "छ्या. मी जमालपुरापात्तूर. तितनं माघारी फेऱ्या. ढाका मी बगितलंच न्हाई." अर्जात जमालपूरपर्यंतच लिहायचं. स्टार मिळायला तेवढं पुरे आहे, आणि गावाची गोष्ट गावाला लखलाभ.

कळीची गोष्ट अगदी शेवटी निघाली. मामंजींची मूळ कंपनी सीमा ओलांडून गेलीच नव्हती. नोव्हेंबरात काही ड्रायव्हर गाड्यांसकट दुसऱ्या युनिटला जोडून दिले होते. फौजेत याला अटॅचमेंट म्हणतात : माणूस पटावर एका ठिकाणी, जेवायला आणि कामाला दुसऱ्या ठिकाणी. मेडलची यादी कोणी पाठवायची? मूळ कंपनी म्हणणार, आम्ही लढाईत नव्हतो. पाहुणं युनिट म्हणणार, हा आमच्या पटावर नाही.

२६ फेब्रुवारी २०२४

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सुभेदार. अर्ज वाचून त्यांनी दोन परिच्छेद खोडले, ज्यात मी "अन्याय" वगैरे लिहिलं होतं. "ताई, रेकॉर्डवाल्याला अन्याय दिसत नाही. त्याला तारीख, युनिट आणि पार्ट टू ऑर्डर दिसते. तेवढंच लिहा." पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाची बदली, रजा, पदक यांची नोंद ज्यावरून होते तो युनिटचा आदेश. अर्ज एका पानावर आला. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या साक्षांकित प्रती. जवानांचे सेवा-कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला त्यांच्यामार्फत रवाना.

८ मे २०२४

उत्तर आलं. तीन ओळी. अभिलेख तपासले, अभिलेखात पूर्वी स्टारची नोंद नाही, सबब पात्रता दिसून येत नाही.

नोंद नाही म्हणून तर अर्ज केला होता! हे म्हणजे खातेदाराने पासबुकात भरणा आला नाही अशी तक्रार करावी आणि कारकुनाने पासबुक बघून सांगावं की भरणा दिसत नाही. पतसंस्थेत खतावण्या जुळवण्यात माझी नोकरी गेली. असं उत्तर मी दिलं असतं तर संचालकांनी घरी पाठवलं असतं. पासबुक चुकीचं वाटलं की मूळ चलन काढायचं असतं. इथलं चलन म्हणजे पार्ट टू ऑर्डर.

२० मे २०२४

माहिती अधिकाराचा अर्ज, मामंजींच्या नावे आणि त्यांच्याच सहीने. स्वतःचे कागद स्वतः मागितले की त्रयस्थ व्यक्तीची माहिती ही सबब उरत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर.

"स्टार का दिला नाही" असं विचारलं नाही. या कायद्यात कागद मागायचे असतात, जाब नाही. मागितलं ते हे : शीट रोलची (भरतीपासूनच्या सगळ्या नोंदींचा मूळ सेवा-कागद) प्रत्येक पानाची प्रत, कोऱ्या पानांसह, ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ मधल्या, त्यांच्या नावाशी संबंधित सगळ्या पार्ट टू ऑर्डर, आणि त्यांचं नाव असलेली कुठलीही मेडल क्लेमची यादी. कोरी पानं मुद्दाम मागितली. क्रमांकात पान गळलं तर कळतं.

एक धास्ती होती की कागद शिल्लकच नसतील. पेन्शन न मिळता बाहेर पडलेल्यांचे सेवा-कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल, म्हणजे नावांची थोडक्यात नोंदवही, तेवढी ठेवतात. मामंजी पेन्शनर आहेत म्हणून आशा. याच गावात सात-आठ वर्षं नोकरी करून घरी आलेले लोक आहेत, त्यांच्या बाबतीत ही वाट जवळपास बंदच.

४ जुलै २०२४

तीस दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील टाकलं. याला फी नाही. अपिलात नवं काही लिहिलं नाही, तोच अर्ज आणि पोचपावतीची तारीख.

१९ ऑगस्ट २०२४

जाड लिफाफा आला. शीट रोल आलाय.

फोटोकॉपीची फोटोकॉपी आहे, शाई जिथे पसरली होती तिथे काळे डाग. पण अक्षर कारकुनी, सुटसुटीत. पहिल्या पानावर भरतीच्या दिवशीची उंची, छाती, "डाव्या भुवईवर व्रण". हा व्रण अजून आहे. मग बदल्यांचं पान. सगळा कारभार आद्याक्षरांत : टीओएस म्हणजे पटावर घेतला, एसओएस म्हणजे पटावरून काढला, एटीटी म्हणजे जोडून दिला. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि कुठल्या पार्ट टू ऑर्डरच्या आधारे ते लिहिलंय. संध्याकाळभर मामंजी आणि मी ओळी लावत बसलो. ते युनिट ओळखायचे, मी तारीख वाचायची. १९६८ ची एक सात दिवसांची जादा रजा निघाली, तिच्यावर शिक्षाही. आत्याबाईंनी आतून विचारलं, "कुठली रजा?" मामंजींना अचानक कमी ऐकू यायला लागलं.

नोव्हेंबर ७१ ची ओळ आहे. एटीटी, पुढे पाहुण्या युनिटचं नाव, तारीख, ऑर्डर नंबर. परत आल्याची ओळ जानेवारी ७२ ची. म्हणजे लढाईचे सगळे दिवस माणूस कागदावरही तिथेच आहे. हे पान रेकॉर्ड ऑफिसच्याच कपाटात होतं.

२३ ऑगस्ट २०२४

लिफाफ्यातली उरलेली पानं. मूळ कंपनीच्या ऑर्डरमध्ये मामंजींचा आर्मी नंबर बरोबर आहे. पाहुण्या युनिटने जोडून घेतल्याची जी ऑर्डर काढली तिच्यात नाव बरोबर, पद बरोबर, नंबराचे शेवटचे दोन आकडे ८५. मामंजींचा नंबर ५८ वर संपतो.

दोन नंबरांतला फरक २७. खतावणी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही : ताळेबंदात फरक आला आणि त्याला नवाने पूर्ण भाग गेला की आधी बघायचं, कुठे आकड्यांची अदलाबदल झालीय का. छप्पन रुपयांचे पासष्ट रुपये असेच होतात. लढाईच्या तोंडावर, एका वेळी पाच-पंचवीस ड्रायव्हर आले असतील, तंबूत कंदिलाजवळ टायपिंग झालं असेल. त्या कारकुनाला मी दोष देत नाही.

पुढचं आता अंदाजाने दिसतं. पाहुण्या युनिटने मेडलची यादी पाठवली असणार, आणि तिच्यात हाच उलटा नंबर असणार. फौजेत एकाच नावाचे चार-चार शिपाई असतात, ओळख नंबरावरून. त्या नंबराचा माणूस कुणी वेगळाच, किंवा नसेलच. यादीतला स्टार मामंजींच्या पानावर येऊन बसलाच नाही. मेडल क्लेमची यादी मात्र लिफाफ्यात नाही, "उपलब्ध नाही" असा शेरा आहे. कुणाकडे उपलब्ध नाही ते लिहिलेलं नाही.

१५ सप्टेंबर २०२४

मामंजींच्या बरोबर जोडून दिलेले एक ड्रायव्हर शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. त्या गावात घरटी फौजी, तिथे नुसतं "ड्रायव्हर होते, ७१ ला पूर्वेला" एवढ्यावर माणूस सापडला. फोन लावून दिला. दोघं आधी अर्धा तास गुडघ्यांवर बोलले. मग मी विचारलं, "आबा, तुमच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार आहे का?" आबा म्हणाले, "हाय की! ह्येच्याकडं न्हाई? आमी एकाच गाडीत व्हतो गं!" त्यांच्या नातवाने पानाचा फोटो लगेच पाठवला. तीच अटॅचमेंट, तीच तारीख, तोच ऑर्डर नंबर, आणि पदकांत पूर्वी स्टार. नुसत्या साक्षीपेक्षा हे कितीतरी भारी. एकाच ऑर्डरमधल्या दोघांपैकी एक रणक्षेत्रात आणि दुसरा नाही, असं होऊ शकत नाही.

१२ नोव्हेंबर २०२४

नवा अर्ज तयार. मुद्दे तीनच : शीट रोलमधली ओळ, दोन ऑर्डरमधला नंबराचा फरक, टाकळीच्या आबांचं पान. मागणी दोन टप्प्यांत : आधी नंबराची दुरुस्ती, मग उलट्या नंबरावर मेडल क्लेम आहे का त्याची पडताळणी. दुसरी मागणी मुद्दाम नेमकी ठेवली. "माझं पदक शोधा" म्हटलं की कुणी शोधत नाही. "या नंबराखाली बघा" म्हटलं की एकदा तरी बघावं लागतं.

दोन प्रतिज्ञापत्रं लागली, मामंजींचं आणि आबांचं. तहसीलबाहेरच्या टेबलावर सांगितलं, पाचशेचा स्टँप लागेल, शंभरचा आता बंद झाला. शंभरचा बंद झाला हे खरं, पण सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, वीस वर्षं झाली. साध्या कागदावर टाइप करून नोटरी केली. टेबलवाला नाराज झाला.

१६ डिसेंबर २०२४

विजय दिवस. जिल्ह्याच्या कार्यक्रमाला मामंजींना घेऊन गेले. ७१ वाल्यांना पुढे बोलावून शाल दिली. सूत्रसंचालकाने पूर्वी आणि पश्चिमी स्टारवाल्यांना हात वर करायला सांगितलं. मामंजींनी हात मांडीवरच ठेवला. परत येताना गाडीत विचारलं तर म्हणाले, "बुकात न्हाई त्ये. उगं कशाला हात?"

२१ मार्च २०२५

पत्र आलं. पूर्वी स्टारचा क्लेम उलट्या नंबराखाली सापडला. नंबराची दुरुस्ती करणारी आणि पदकाची नोंद घेणारी पार्ट टू ऑर्डर काढली आहे, नंबर आणि तारीख दिली आहे. डिस्चार्ज बुकात नोंद करण्यासाठी मूळ बुक पाठवावं. पदकाची मागणी स्वतंत्रपणे पाठवली आहे, उपलब्धतेनुसार मिळेल.

पत्राच्या पाच झेरॉक्स काढल्या.

९ एप्रिल २०२५

मूळ बुक पाठवायला मामंजी तयार नव्हते. "हरवलं मंजी?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येक पान स्कॅन केलं, सैनिक कल्याण कार्यालयातून स्कॅनच्या प्रतींवर साक्षांकन घेतलं आणि बुक त्यांच्याच कव्हरिंग लेटरने, रजिस्टर एडीने गेलं. सुटी पानं शिवून घ्यावीत असं यांचं म्हणणं होतं. मी शिवू दिली नाहीत, सरकारी कागदाला घरचा टाका नको.

१७ जून २०२५

बुक परत आलं. पदकांच्या रकान्यात चौथ्या ओळीखाली निळ्या शाईत पूर्वी स्टार, पुढे ऑर्डर नंबर, सही, गोल शिक्का. शिक्का अर्धा रकान्याबाहेर गेलाय. मामंजींनी चष्मा लावून ओळ वाचली, मग वरच्या चारही वाचल्या, मग बुक माझ्याकडे देऊन विचारलं की शेतातली मोटर कुणी चालू केली का.

खरं पदक कधी येईल ते सांगता येत नाही. त्याच्यावर नंबर, पद आणि नाव कोरलेलं असतं, ते बरोबर येतंय का हे आल्या दिवशी बघायचं. तोवर पुतण्याला पुण्याहून दुकानातला स्टार आणायला सांगितलाय. आता मामंजींची हरकत नाही, फक्त रिबीन नीट इस्त्रीची हवी म्हणाले.

२ जुलै २०२५

वरच्या आळीतल्या काकी येऊन गेल्या. त्यांचे मालक पश्चिमेला होते, बुकात पश्चिमी स्टार नाही. मालक २०११ ला गेले, म्हणजे अर्ज काकींच्या नावाने जाईल. पीपीओ, विधवा ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन रविवारी यायला सांगितलंय. यावेळी शीट रोल पहिल्याच अर्जात मागायचा.